कक्ष नऊमधली चांगली झाडं

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय ठरवूनच ठेवला होता. "तुम्ही जंगलात आयुष्य काढलंत. पानाफुलांवर, पाखरांवर काहीतरी हळुवार लिहा." मी म्हटलं, बाई, मी जंगलात आयुष्य काढलेलं नाही, लाकडात काढलंय. जंगलात झाडं आपापल्या मर्जीनं उगवतात आणि मरतात. आमच्याकडे झाडं रांगेत उगवायची, त्यांना नंबर असायचा आणि त्यांच्या मरणाचं वर्ष खड्डे खणायच्या आधीच ठरलेलं असायचं. पाखरं यायची, नाही असं नाही, पण आराखड्यात त्यांच्या वाट्याला एकच परिच्छेद होता आणि तोही मी दुसऱ्या एका आराखड्यातून जसाच्या तसा उतरवला होता. त्यात एका समुद्रपक्ष्याचंही नाव राहून गेलं होतं. आमच्यापासून समुद्र किती लांब आहे हे सव्वीस वर्षांत एकाही वाचकानं विचारलं नाही. बाई म्हणाल्या, "मग तेच लिहा."

तर मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका लाकूड कंपनीत आराखडा अधिकारी होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मालकांशी माझे संबंध अजून चांगले आहेत आणि हा लेख छापून आल्यावरही ते तसेच राहावेत अशी इच्छा आहे. मालक म्हणजे आमचे शेठजी. आजोबा राजस्थानातून येऊन नंदुरबारात कापडाच्या दुकानात बसले, वडिलांनी लाकडाची वखार काढली आणि शेठजींनी वखारीची कंपनी केली. विसरवाडीच्या आजूबाजूच्या माळजमिनींवर त्यांनी साग आणि निलगिरी लावली. मी साताऱ्याकडचा. वनशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षांसाठी म्हणून इकडे आलो आणि केस पांढरे करून निवृत्त झालो.

आराखडा अधिकारी काय करतो, हे माझ्या सासरच्यांना अजून कळलेलं नाही, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगतो. घरात दही लावताना आपण थोडं विरजण मागे ठेवतो. सगळं दही खाल्लं तर उद्या दही नाही. लाकडाच्या लागवडीचंही तेवढंच आहे. दरवर्षी जेवढं लाकूड वाढतं तेवढंच तोडायचं, म्हणजे शेठजींच्या नातवालाही तोडायला काहीतरी उरतं. ही गोष्ट कुठल्याही बाईला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समजते. तीच गोष्ट मी दोनशे पानांत, नकाशे आणि तक्ते जोडून, कोणालाही समजणार नाही अशी लिहायचो. त्याला ‘शाश्वत व्यवस्थापन आराखडा’ म्हणतात.

आराखड्यासाठी झाडं मोजावी लागतात. झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजायचा असा नियम आहे. कोणाच्या छातीइतक्या, हे पुस्तकात ठरवून दिलेलं आहे आणि त्यासाठी खुणेची काठीही मिळते. आमची काठी पहिल्याच वर्षी कोणीतरी चुलीत घातली. मग टोळीतला प्रत्येक जण आपापल्या छातीवर मोजू लागला. टोळीत बुटकी माणसं जास्त, त्यामुळे झाडं बुंध्याच्या जवळ मोजली गेली आणि कागदावर आमचा साग एका वर्षात असा काही जाड झाला की शेठजींनी मला पेढे दिले. मी ते खाल्ले. खरं कारण पुढच्या वर्षी उंच माणसांनी मोजल्यावर कळलं, तेव्हा पेढे परत मागणं शेठजींच्या स्वभावात नव्हतं.

प्रकाशा गावच्या एका गुजर शेतकऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तापीकाठची काळी जमीन, केळी आणि ऊस पिढ्यानपिढ्या केलेला माणूस. आमच्याकडून निलगिरीची रोपं घेऊन गेला आणि दर आठवड्याला फोन करायचा, "साहेब, झाड तर दिसतंय तसंच आहे." त्यानं निलगिरीला उसासारखं पाणी दिलं, केळीसारखं खत दिलं आणि शेवटी एका संध्याकाळी मला विचारलं, "याला घड कधी लागतो?" मी सहा वर्षं सांगितलं. तो म्हणाला, सहा वर्षांत मी दोनदा आजोबा होईन. झालाही. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड गोष्ट झाड वाढवणं नाही, माणसाला थांबायला लावणं आहे. हे मी लोकांना नेहमी ऐकवत असे आणि स्वतः मात्र कधीच थांबलो नाही. ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितोय, ती माझ्या घाईचीच आहे.

झाडं तोडणारी आमची टोळी आंबापाड्याची. विसरवाडीहून डोंगराकडे आत गेलं की हा पाडा लागतो. माणसं मावची बोलणारी. तो पाडा माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसायचा आणि त्यांची बोली मला सव्वीस वर्षांत एक अक्षर आली नाही. येण्याची गरजच काय, आमच्याकडे फुलसिंग मुकादम होता.

फुलसिंग माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. आमच्याशी तो अहिराणी मिसळलेली मराठी बोलायचा, टोळीशी मावची. मुकादम माणसं गोळा करतो, त्यांना कामावर आणतो, उचल वाटतो, हे सगळे सांगतात. पण त्याची खरी कमाई वेगळी. साहेबाचं बोलणं टोळीला समजेल असं सांगायचं आणि टोळीचं म्हणणं साहेबाला राग येणार नाही असं सांगायचं. हे ज्याला जमतं त्याच्या मागे माणसं जातात. फुलसिंगच्या मागे अख्खा पाडा जायचा. त्याची काकू रुमाबाई टोळीतली सगळ्यात म्हातारी. तोडलेल्या झाडाच्या फांद्या ती कोयत्यानं सपासप उतरवायची आणि काम संपेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मी तिला मुकी समजत होतो.

आता विरळणी म्हणजे काय ते सांगतो, की पुढचं सगळं समजेल. साग लावताना दाटीनं लावतात. काही वर्षांनी झाडं एकमेकांना कोपरानं ढकलायला लागतात. मग त्यातली वाकडी, किडकी, मागे पडलेली काढून टाकायची, म्हणजे सरळ आणि जोमदार झाडांना ऊन मिळतं आणि ती जाड होतात. वर्गातल्या ढ मुलांना घरी पाठवून हुशारांना ऐसपैस बसवावं, तसा हा अन्यायी पण उपयोगी प्रकार आहे. कोणतं झाड काढायचं हे आधी ठरवून त्याला पिवळ्या रंगाचा पट्टा मारायचा. टोळी येते, पट्टा दिसला की झाड आडवं करते. आमच्याकडेच नाही, त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात फुलसिंगच्या बापाच्या काळापासून हाच रिवाज. पट्टा पडला म्हणजे झाड मेलं. शेंबडं पोरही ते सांगेल.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून त्यात सुधारणा करायची मला बुद्धी झाली.

झालं असं की शेठजींना एक परदेशी फर्निचरवाला गिऱ्हाईक मिळत होता. त्याची अट एकच, लाकूड शाश्वत पद्धतीनं वाढवल्याचं प्रमाणपत्र हवं. शेठजींनी मला बोलावलं. "साहेब, ओ शाश्वत काईं होवे?" मी विरजणाचं उदाहरण दिलं. "तो आपां करां ही हां!" शेठजी म्हणाले. मी सांगितलं, करतो, पण त्यांना हवं तसं लिहीत नाही. शेठजींनी हात झटकले. "तो लिख दो नी." लिहिण्यात माझा हात कोणी धरला नसता. बंगळुरूहून तपासनीस येणार होते, त्यांच्यासाठी मी नवा आराखडा लिहायला घेतला.

कुठल्याशा परिसंवादात मी एक नवी पद्धत ऐकली होती. काढायच्या झाडांना नव्हे, राखायच्या झाडांना खूण करायची. सगळ्यात चांगली झाडं निवडून त्यांना पट्टा मारायचा आणि मग त्यांच्या वाढीच्या आड येणारी शेजारची झाडं काढायची. पद्धत उत्तम आहे, आजही मी तसंच म्हणेन. पुढच्या विरळणीला तीच झाडं पुन्हा सापडतात आणि राखायची झाडं थोडी असल्यानं रंगही कमी लागतो. मला रंग वाचल्याचा विशेष आनंद झाला होता. आराखड्यात मी लिहिलं, "चिन्हांकित भावी पीकवृक्षांच्या हितास बाधा न आणता स्पर्धक वृक्षांचे निष्कासन करण्यात यावे." हे वाक्य लिहून झाल्यावर मी चहा मागवला होता, इतकं ते मला आवडलं.

नव्या पद्धतीसाठी जागा निवडली ती कक्ष नऊ. लागवडीचे आम्ही तुकडे पाडतो, त्यांना कक्ष म्हणतात. कक्ष नऊ हा आमचा सगळ्यात चांगला साग. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी लावलेला. झाडं अशी सरळ की परिसंवादातले लोक फोटो पाहून विचारायचे, हे खरं आहे का. तपासनिसांना आमची कर्तबगारी दाखवायची तर हीच जागा. राखायच्या झाडांना मी स्वतः उभं राहून पट्टे मारून घेतले. एकेका झाडाला हात लावून, वर बघून. पिवळाच रंग वापरला, कारण गोदामात पिवळाच शिल्लक होता.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी टोळीला साइटवर बोलावून आराखड्यातला तो उतारा वाचून दाखवला. हो, वाचून दाखवला. टोळीनं आदरानं ऐकला. फुलसिंग पुढं आला आणि म्हणाला, "साहेब, पट्टावाला तोडानं ना? कायम करतस तसंच?" मला नंदुरबारला पोचायचं होतं, तपासनीस रेल्वेनं तिथं येत होते. मी म्हटलं, "आराखड्यात लिहिलंय तसं करायचं." तो म्हणाला, "बरं." आराखडा माझ्या काखेत होता, तो घेऊन मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारच्या हॉटेलात मी तपासनिसांना पडद्यावर तक्ते दाखवत होतो. साइटवर सुपरवायझर असायला हवा होता. त्याला मी भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर परत करायला नवापूरला पाठवून दिलं होतं, कारण सकाळीच हॉटेलवाल्यानं स्वतःचा काढून दिला. तेवढ्यात फोन वाजला. फुलसिंग. फोनला रेंज मिळावी म्हणून तो टेकडीवर चढला होता, धापा टाकत होता.

"साहेब, पट्टावाला झाड समदा चांगला शेतस. एकदम सरळ. हाई बरोबर शे का?"

पडद्यावर तेव्हा वाढीचा आलेख होता आणि तपासनीस बाई चष्मा वर करून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, पट्टे नीट मारलेत का असं तो विचारतोय. मी घाईघाईत म्हणालो, "अरे बरोबर आहे. पट्टे मी स्वतः मारलेत. कर काम सुरू." आणि फोन बंद केला. तपासनिसांना सांगितलं, आमचे मजूर फार जागरूक आहेत, प्रत्येक टप्प्यावर संवाद असतो. बाईंनी ते लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी तपासनिसांना घेऊन कक्ष नऊ दाखवायला गेलो. गाडीतून उतरायच्या आधीच मला आभाळ जास्त दिसलं. नऊमध्ये इतकं आभाळ कधी दिसत नसे. पुढं गेलो. पिवळा पट्टा असलेलं एकूण एक झाड जमिनीवर होतं, फांद्या उतरवून, ओळीनं, नीट रचून. आणि उभं काय होतं? वाकडी, खुरटी, वाळवी लागलेली, वीज पडून अर्धी जळालेली, मी इतक्या वर्षांत ज्यांच्याकडे दोनदा पाहिलं नसेल अशी सगळी झाडं मोकळ्या उन्हात मजेत उभी होती.

तपासनीस बाईंनी एका ओंडक्यावरचा पट्टा बोटानं दाखवला. "ये वाले तो रखने थे ना, सर?"

ही झाडं मी लावून घेतली होती. मुलीच्या जन्माच्या वर्षी ती गुडघ्याएवढी होती. शेठजी मात्र दुपारी आले, ओंडक्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माल तो एक नंबर निकळ्यो." त्यांचा मला कधी इतका राग येईल असं वाटलं नव्हतं, आणि खरं तर राग त्यांचा नव्हता.

टोळी बाजूला उभी होती. फुलसिंग माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला सगळं समजलं होतं.

चौकशी झाली. कंपनीत काही बिघडलं की चौकशी समिती नेमायची हा आमचा नेम. समितीत शेठजींचे जावई, एक निवृत्त वनाधिकारी आणि तांत्रिक सदस्य म्हणून मी. माझ्याच चुकीच्या चौकशीत मीच बसलो होतो आणि ते कोणालाही खटकलं नाही, कारण लागवडीतलं बाकी कोणाला काही कळत नव्हतं. फुलसिंगला बोलावलं. जावयांनी विचारलं, काही शंका होती तर आधी विचारलं का नाहीस?

"ईचारं व्हतं," फुलसिंग म्हणाला. "साहेबले फोन कया व्हता, टेकडीवरथीन."

जावई माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "फोन आला होता. पण तो गाडी कुठल्या रस्त्यानं आणायची त्याबद्दल होता."

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. आधी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. फुलसिंगनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली. त्यानं वाद घातला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यानं वाद घातला नाही. अहवाल अर्थातच मी लिहिला: "मुकादमाच्या आकलनातील त्रुटीमुळे सूचनांचा विपर्यास झाला." फुलसिंगचं काम काढून घेतलं.

प्रमाणपत्राचं काय झालं असं विचाराल, तर ते पुढच्या वर्षी मिळालं. आराखड्यात मी ‘अनुभवातून शिकलेले धडे’ असं एक नवीन प्रकरण घातलं आणि कक्ष नऊचा उल्लेख ‘प्रायोगिक तत्त्वावरील विरळणी’ असा केला. तपासनीस बाईंनी त्या प्रकरणाचं खास कौतुक केलं. चूक लपवली नाही, हे त्यांना आवडलं म्हणे. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसवलेली प्रमाणपत्राची प्रत दिली. ती दिवाणखान्यात आहे. येणारे जाणारे विचारतात, मी धूळ आहे म्हणून सांगतो आणि पुसायला उठतो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर कामासाठी नवापूरला गेलो होतो. परत येताना बस विसरवाडीला थांबली. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, पलीकडे टपऱ्या. एका टपरीवर फुलसिंग बसलेला दिसला. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात असतानाच त्यानं हात केला. "रामराम साहेब. चहा लेवा."

चहा घेतला. काय चाललंय विचारलं. तो म्हणाला, शेतात थोडं भात, थोडी तूर, आणि बाकी बसून. मला आश्चर्य वाटलं. दसऱ्यानंतर त्या बाजूचे मुकादम टोळ्या जमवतात आणि ऊसतोडीला जातात. फुलसिंगसारखा मुकादम घरी का?

"टोळी मन्हामांगे येत नही," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "लोके म्हनतस, याले साहेबनं बोलनं समजत नही. यानामांगे गये तर परत काही उलटं व्हई." थोडं थांबून म्हणाला, "बाया बी म्हनतस."

मला वाटत होतं, मी त्याचं एक काम घालवलं. मी त्याची अख्खी कमाई घालवली होती. ज्या एका गोष्टीसाठी माणसं त्याच्यामागे जायची तीच मी अहवालात एका ओळीत नाहीशी केली होती आणि ती ओळ पाड्यावर कोणीही वाचली नव्हती. वाचायची गरजच पडली नव्हती.

मी म्हणालो, "फुलसिंगभाऊ, मी काय करू?" त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही एकदाव पाड्यावर या आनि सांगा. पुरुषोत्तमनगरना कारखानाकडे उसमा जावानं शे. पुढला आठवडामा लोके ठरावतीन, कोनामांगे जावानं."

मी हो म्हणालो आणि घरी आल्यावर कारणं शोधायला लागलो. गुडघे दुखत होते, ते खरं. मी आता कंपनीत नाही, माझ्या सांगण्याला काय किंमत, हेही सुचलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बस कितीची आहे?" माझ्या आयुष्यातला हा सर्वांत कमी पानांचा आराखडा, आणि तोही तिनंच केला.

रविवारी सकाळी आंबापाड्यावर पोचलो. खिडकीतून सव्वीस वर्षं पाहिलेल्या पाड्यात मी पहिल्यांदाच बसत होतो. फुलसिंगच्या घरापुढं माणसं जमली होती, टोळीतले जुने चेहरे, काही नवीन. मला खाट दिली. बाकी सगळे जमिनीवर. रुमाबाई पुढंच, पाय पसरून, कडेला कोयता ठेवून बसली होती. ती मला अजून मुकीच वाटत होती.

मी उभा राहिलो. घरून मुद्दे लिहून आणले होते, ते खिशातच ठेवले. म्हणालो, "कक्ष नऊमध्ये जे झालं, त्याबद्दल बोलायला आलोय. त्या वेळी परिस्थिती अशी होती की नवीन पद्धत राबवताना सूचना पोचवण्यात काही उणिवा राहिल्या..." बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. तेच ते आराखड्यातलं मराठी. तरी मी रेटत गेलो. त्या उणिवांची जबाबदारी माझ्याकडे येते, फुलसिंगभाऊंनी शंका विचारली होती, आणि चौकशीत माझ्याकडून वस्तुस्थितीला धरून सांगितलं गेलं नाही. एवढं बोलून मी थांबलो आणि फुलसिंगकडे पाहिलं, कारण हे सगळं मावचीत सांगणार कोण, तर तोच.

फुलसिंग उभा राहिला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि मावचीत काहीतरी बोलला. फार थोडं. माझं एवढं लांबलचक भाषण आणि त्याची दोन वाक्यं. लोकांनी माना हलवल्या. त्यानं काय सांगितलं ते मला नक्की समजलं नाही, पण अंदाज आला. स्वतःच्या निर्दोषपणाची ग्वाही स्वतःच्या तोंडानं द्यायला तो तयार नव्हता. साहेब आले, साहेबांनी रामराम केला, असंच काहीतरी सांगून त्यानं मला सोडवलं होतं, पुन्हा एकदा.

तेव्हा रुमाबाईनं तोंड उघडलं.

"साहेब, हाऊ फुलसिंग तुमनं पुरं नही सांगी ऱ्हायना. पाहुना म्हनीसन लाज धरस. तुम्ही बी लांब-लांब बोलतस. एकच सांगा. चूक कोननी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुठं तरी कोंबडा आरवत होता. मी सव्वीस वर्षं लांब वाक्यं लिहून जी जागा चुकवली होती ती आता माझ्यासमोर उघडी पडली होती आणि तिथं एकच शब्द मावत होता.

"माझी," मी म्हणालो.

रुमाबाईनं मान हलवली. "एवढी मराठी आमले समजस."

मग ती फुलसिंगकडे वळली आणि मावचीत काहीतरी विचारलं. आणखी दोघी बोलल्या, एक म्हातारा बोलला, पोरं उठून उभी राहिली. मला कोणी काही सांगत नव्हतं. मी फुलसिंगचा हात धरून विचारलं, "काय म्हणताहेत?"

फुलसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसत नव्हता. पण मुकादमाचं काम त्यानं केलं. इकडचं तिकडं, या वेळी पूर्ण सांगितलं.

"ईचारी ऱ्हायन्यात, टोळी सोमवारले निघानी का मंगळवारले."